चकमकी बंदुकीचें मोल : दहा रुपयांच्या एका आंकड्याचा विचार

जुन्या दप्तरांतील शस्त्रांच्या याद्या वाचतांना ‘बंदूक, किंमत रुपये अमुक’ अशी नोंद दृष्टीस पडली, म्हणजे वाचक ती उतरून घेतो आणि पुढें जातो. संशोधकास वाटतें, किंमत कळली. संग्राहकास वाटतें, आजच्या भावाशीं ताडून पाहावयास एक आंकडा मिळाला. पण ती किंमत कारागिरानें कशी बसविली असेल, त्या रुपयांत लोखंड किती, श्रम किती आणि फुटून वायां गेलेल्या नळ्यांचा भार किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. तो विचारल्यावांचून नोंदीचा अर्थ लागत नाहीं, असें आमचें मत आहे. गारेच्या चापाची, म्हणजे चकमकी बंदूक उदाहरणादाखल घेऊन तें मत येथें मांडावयाचें आहे.

विवेचनास स्थळ म्हणून आम्ही फर्दापूर घेतलें आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, जिल्ह्याच्या सोयगांव तालुक्यांतील हें गांव अजिंठ्याचा घाट उतरतांच पायथ्याशीं लागतें. दक्षिणेंतून खानदेशांत आणि पुढें बऱ्हाणपुराकडे जाणारी वाट येथूनच जात असल्यामुळें मोगल अमदानींत येथें मोठी सराई उभी राहिली. इ. स. १८०३ च्या सप्टेंबरच्या २३ तारखेस घाटमाथ्यावरील असई येथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं वेल्स्लीची लढाई झाली. त्या लढाईंतील इंग्रजांकडील जखमी अजिंठ्याच्या कोटांत ठेवण्यांत आले, आणि आक्टोबरांत वेल्स्लीची छावणी घाट उतरून फर्दापुरास आली. त्याच आक्टोबरच्या १८ तारखेस उत्तरेंत जनरल लेकनें आग्र्याचा किल्ला घेतला. या दोन घटना एकमेकींपासून शेंकडो कोसांवर घडल्या, तरी बंदुकीच्या इतिहासांत त्या एकाच प्रकरणांतील आहेत. कारण शिंद्यांच्या कवायती पलटणींना बंदुका पुरविणारा कारखाना आग्र्यासच होता. पलटणींचा मोड असईस झाला, आणि कारखाना महिन्याभरांत गेला.

हा कारखाना द बॉयनच्या व्यवस्थेचा भाग होता. द बॉयन हा १७८४ सालीं महादजी शिंद्यांच्या चाकरींत आला. त्याच्या पलटणींसाठीं आग्र्यास तोफा ओतण्याचें व बंदुका घडविण्याचें काम सँगस्टर नांवाच्या एका स्कॉच कारागिराच्या देखरेखीखालीं चाले. हर्बर्ट कॉम्प्टन याच्या १८९२ सालच्या ग्रंथांत या बंदुकांची तारीफ आहे, आणि एक नग दहा रुपयांस पडे असा आंकडाही दिला आहे. हे दहा रुपये स्वस्त कीं महाग? आणि एखाद्या एकट्या लोहारानें तशीच बंदूक दहा रुपयांस दिली असती काय?

उत्तर देण्यापूर्वीं वस्तु कोणती तें स्पष्ट केलें पाहिजे. तोड्याच्या बंदुकींत जळती जामगी काना‌जवळच्या रंजकास लावावयाची असते. त्यासाठीं एक वांकडी कांब आणि एक साधी कळ पुरते. चकमकी बंदुकींत जळती वस्तु कांहींच नसते. घोड्याच्या जबड्यांत चामड्याच्या घडीमध्यें गार आवळलेली असते. चाप ओढतांच घोडा कमानीच्या जोरानें पुढें झेंप घेतो, गार पोलादी पाटीवर घासते, ठिणग्या पडतात, त्याच धक्क्यानें पाटी मागें सरून रंजकदाणी उघडी होते, रंजक पेटतें आणि कानांतून आग नळींतील दारूस पोंचते. एवढें सारें निमिषार्धांत व्हावें लागतें. हिंदुस्थानींत हिला ‘पथरकला’ म्हणत. येथें एक शब्दविषयक खुलासा करणें अवश्य आहे. ‘गारदी’ हा शब्द ‘गार’ या शब्दावरून आला असावा असा समज होणें स्वाभाविक आहे, कारण पानिपतास इब्राहिमखानाच्या गारद्यांच्या हातीं चकमकी बंदुकाच होत्या. तथापि त्याचें मूळ फ्रेंच ‘गार्द’ म्हणजे पहारा या शब्दांत मानतात. गारेशीं त्याचें साम्य केवळ ध्वनीचें आहे.

गारेची वाण आपल्या मुलखांत नव्हती. अजिंठ्याच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतून गारगोट्या आणि अकीक आढळतात. तरीही तोड्याची बंदूक आपल्याकडे दीर्घकाळ टिकली, याचें कारण गार नव्हे, कमान हें होय. तोड्याची कळ मोडली तर कोणताही गांवचा लोहार ती सांजेपर्यंत नीट करून देई. चकमकी चापांत मोठी कमान, अडकणीची कमान आणि पाटीची कमान अशा तीन पोलादी कमानी असतात. त्यांस पाणी कमी बसलें तर त्या वांकतात, अधिक बसलें तर तुटतात. पाटीचेंही तसेंच, ती मऊ राहिली तर ठिणगी पडत नाहीं, आणि फार कडक झाली तर गारेचेच टवके उडतात. म्हणून बंदुकीच्या किंमतींत चाप हा वजनानें सर्वांत हलका, पण कौशल्यानें सर्वांत जड भाग आहे.

आतां किंमतीचीं अंगें एकेक पाहूं. पहिलें अंग लोखंडाचें. नळी घडवितांना लोखंडाची पट्टी तापवून गाभ्याच्या सळईभोंवतीं गुंडाळतात, सांधे ठोकून एकजीव करतात, मग आंतून तासून भोंक सरळ व एकसारखें करतात. प्रत्येक तापाबरोबर लोखंड जळून झडतें आणि तासतांना आणखी उतरतें. भट्टींत घातलेलें वजन व तयार नळीचें वजन यांत त्यामुळें मोठें अंतर पडतें. अकबराच्या कारखान्याची व्यवस्था या बाबतींत लक्षांत घेण्यासारखी आहे. ‘आईन-इ-अकबरी’ सांगतें कीं, नळीवर कच्च्या व तयार लोखंडाचें वजन, लोखंड कोठील तें ठिकाण, कारागिराचें नांव, घडविण्याची जागा, तारीख आणि क्रमांक हीं कोरीत. दोन्ही वजनें नोंदल्यामुळें तूट किती हें सरकारास कळे, आणि कारागिरावर नसता आळ येत नसे. आमच्या समजुतीप्रमाणें, किंमत ठरविण्याची हीच पहिली पायरी होय.

दुसरें अंग मजुरीचें. येथें शुक्रनीतीचा आधार घेणें उपयुक्त आहे. त्या ग्रंथांत वस्तु सिद्ध होण्यास जो व्यय लागतो तेंच तिचें मूल्य, असें मूल्याचें लक्षण केलें आहे. आणि ती सुलभ कीं दुर्लभ, गुणी कीं निर्गुण, यावरून तें मूल्य कमीजास्त होतें असेंही पुढें म्हटलें आहे. तेथेंच कारागिरांच्या मजुरीचीं प्रमाणें आहेत. सोनाराच्या उत्तम कामाची मजुरी सोन्याच्या किंमतीचा तिसावा भाग. लोखंडाच्या कामांत मात्र ती धातूच्या किंमतीच्या अर्ध्यापासून कित्येक पटींपर्यंत चढते. हा भेद मार्मिक आहे. सोन्याच्या दागिन्यांत किंमत धातूची, कारागिरी तिच्या आश्रयानें राहते. लोखंडाच्या वस्तूंत किंमत कारागिरीची, आणि धातु निमित्तमात्र. बंदूक ही या दुसऱ्या वर्गाची पराकाष्ठा होय. तेव्हां ‘इतक्या शेर लोखंडाला इतके रुपये कसे?’ हा गिऱ्हाइकाचा जुना आक्षेप मुळांतच चुकीचा आहे.

याच ग्रंथांत लहान नलिकेचें वर्णन येतें. पांच वितस्ति लांबी, मुळाशीं व अग्राशीं नेमाचे तिळाएवढे बिंदु, यंत्राच्या आघातानें अग्नि पाडणारा दगड, चूर्ण धरणारा कान, चांगल्या लाकडाचा कुंदा, आणि ठासण्याची शलाका. ही तोड्याची बंदूक नव्हे. स्पष्टपणें चकमकी आहे. गुस्टाव्ह ओपर्टनें १८८० सालीं या वर्णनावरून प्राचीन भारतांत बंदुका होत्या असें प्रतिपादिलें. परंतु आघातानें पेटणारा दगडी चाप युरोपांतच सोळाव्या-सतराव्या शतकांत आकारास आला असल्यामुळें हें वर्णन ग्रंथाच्या प्राचीनतेचें नव्हे, अर्वाचीनतेचें प्रमाण ठरतें. लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील आहे असा पक्ष मांडला. संस्कृत पोथी म्हणतांच तिला हजार वर्षांचें वय देणाऱ्यांस ही सूचना पुरेशी आहे. पण अर्वाचीन ठरल्यानें आमच्या कामाला त्या ग्रंथाचा उपयोग उणा होत नाहीं, उलट वाढतो. कारण चकमकी बंदूक पाहिलेल्या एका संस्कृतज्ञानें किंमतीविषयीं काय विचार केला तो यांत सांपडतो.

तिसरें अंग नासाडीचें. याचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. नळी तयार झाली म्हणजे काम झालें नाहीं. तिच्यांत नेहमींपेक्षां अधिक दारू ठासून परीक्षा घ्यावी लागते. सांधा कच्चा राहिला असेल तर ती तेथेंच फुटते. परीक्षा टाळली तर धन्याच्या गालाशीं फुटते. अबुल फझल अभिमानानें लिहितो कीं, पूर्वीं नळीच्या चवथाईपेक्षां अधिक दारू भरतां येत नसे, आतां तोंडापर्यंत भरून डागली तरी नळ्या फुटत नाहींत. ही मजबुती फुकट आलेली नसते. समजा, सहा नळ्यांत एक परीक्षेंत फुटते. कारागीर म्हणेल, एकषष्ठांश नुकसान झालें, तेवढी किंमत वाढवावी. हा हिशेब अपुरा आहे. विकावयास पांचच नळ्या उरल्या, आणि सहाव्या नळीचा सर्व खर्च त्या पांचांनीं वाहावयाचा. म्हणून वाढ एकपंचमांश हवी. हा फरक लहान दिसतो, पण वर्षभर चुकत राहिला तर भट्टी विझविण्यास पुरेसा असतो.

चवथें अंग कुंद्याचें व जोडणीचें. लांकूड मुरलेलें हवें, रेषा मनगटाच्या जागीं तुटतां कामा नये, आणि नळी व चाप त्यांत बसवितांना भेग राहतां कामा नये. नळींत पेंचदार खांचा पाडावयाच्या असल्या तर आणखी एक स्वतंत्र काम वाढतें. त्या खांचांमुळें गोळी फिरत जाते व नेम दूरवर टिकतो. आपल्याकडील बहुतेक नळ्या सपाट भोंकाच्या आहेत; युरोपांत मात्र पेंचदार बंदुकीस स्वतंत्र मान होता, आणि इंग्रजांच्या फौजेंत बेकरची पेंचदार बंदूक १८०० सालीं आली. अशी नळी ज्या यादींत असेल तेथें चढी किंमत दिसल्यास आश्चर्य मानूं नये.

पांचवें अंग शोभेचें. कोफ्तगरीच्या सोन्यारुप्याच्या वेलबुट्ट्या, हस्तिदंती पट्ट्या, मुठीचें रंगकाम हीं डोळ्यांत भरतात, म्हणून संग्राहक त्यांचेच पैसे मोजतो. परंतु हें काम बंदूककाराचें नसून दुसऱ्याच हाताचें असतें, आणि कित्येकदां फार मागाहून झालेलें असतें. शोभेची किंमत मुख्य किंमतींत मिसळली, म्हणजे ज्यानें नळी घडविली तो हिशेबांतून नाहींसा होतो.

आतां दहा रुपयांकडे वळूं. गांवगाड्यांतील लोहारास नगावारी किंमत सांगण्याची संवयच नव्हती. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, खिळे यांबद्दल त्यास वर्षअखेर बलुतें मिळे. बंदूक ही बलुत्यांत बसणारी वस्तु नव्हे, ती रोखीची. एकट्या कारागिरानें ती आरंभापासून शेवटपर्यंत केली, तर नळी, चाप, कुंदा, पितळी साज या चारही कामांचें कसब त्याच्यापाशीं हवें, आणि एक काम चालू असतां बाकीच्यांचीं हत्यारें निजून राहणार. कारखान्यांत याच्या उलट असतें. नळी ठोकणारा दिवसभर नळ्याच ठोकतो, कमानीचा माणूस कमानीच करतो. हात बसतो, नासाडी घटते, आणि एकच भट्टी दहा जणांस पुरते. इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या बंदूककारांनीं हीच वांटणी पराकोटीस नेली. आपल्याकडे अकबराच्या कारखान्यांत नळ्या आंतून घांसण्यासाठीं बैलानें फिरविण्याचें चाक होतें. एका वेळीं सोळा नळ्या त्यावर साफ होत. त्यापूर्वीं हें काम एक बळकट मनुष्य बराच वेळ झिजून एकेका नळीपुरतें करी. शिवाय कारखान्यास गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं, उधारी बुडत नाहीं, आणि जागेचा, कोळशाचा व पगाराचा भार दौलतीच्या दुसऱ्या खात्यांवर पडूं शकतो.

तात्पर्य, सँगस्टरचे दहा रुपये ही बाजारांतील विक्रीची किंमत नसून कारखान्याची पडत होती. तिच्याशीं एकट्या कारागिराच्या बंदुकीची तुलना करून त्यास महाग म्हणणें हा अन्याय होय; आणि एखाद्या यादींतील तीस-चाळीस रुपयांची बंदूक पाहून ती सरदारी थाटाचीच असली पाहिजे असें ठरविणें हा घाईचा निर्णय होय. ती साधीच, पण एकहातीं असूं शकेल.

हा भेद केवळ गतकाळचा नाहीं. अमेरिकेंत जुन्या पद्धतीच्या चकमकी पेंचदार बंदुका हातानें घडविणारे कारागीर आजही आहेत. व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग येथें वॉलेस गस्लर यानें अशी बंदूक अठराव्या शतकांतील रीतीनें संपूर्ण घडविली, आणि त्या कामाचें चित्रण १९६९ सालीं प्रसिद्ध झालें. अशा एका बंदुकीस शेंकडो तास लागतात. त्या धंद्यांतील माणसापुढें जो प्रश्न आहे तोच आग्र्याबाहेरच्या प्रत्येक बंदूककारापुढें असला पाहिजे : शेजारच्या विक्रेत्याचा भाव पाहून किंमत सांगावी, कीं आपला व्यय मोजून? भाव पाहून सांगणारा बहुधा स्वतःचे तास फुकट देतो. तयार नळी व तयार चाप विकत घेऊन जोडणी करणाऱ्याची किंमत आणि सर्व कांहीं स्वतः घडविणाऱ्याची किंमत एकाच मापानें मोजली गेली, तर दुसऱ्या प्रकारचा कारागीर एका पिढींत संपतो. लोखंड, तास, नासाडी, हत्यारांची झीज, आणि बंदूक फुटल्यास आपल्या नांवावर येणारा दोष, या पांचांची बेरीज करून मग गिऱ्हाइकाशीं बोलावें, हाच व्ययमूल्याचा नियम.

नाण्यांचा मुद्दा राहिला. फर्दापूर हें सरहद्दीचें गांव. घाटाखालचा खानदेश १८१८ पासून इंग्रजी अमलांत, आणि फर्दापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील येथील कागदांत ‘रुपये दहा’ असें आढळलें तर तो हाली सिक्का कीं कलदार, हें पाहिल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. साधारणपणें सात हाली रुपये सहा कलदारांबरोबर धरीत. म्हणजे दहा हालींचे कलदार आठ रुपये नऊ आणे होतात. त्यापूर्वींच्या काळांत तर टांकसाळीगणिक बट्टा वेगळा. आंकडा जसाच्या तसा उतरणें म्हणजे सातवा हिस्सा डोळे मिटून सोडणें होय.

संग्राहकांस चार गोष्टी विनवाव्याशा वाटतात. चाप प्रथम पाहावा. १८२० नंतर टोपीच्या बंदुकांचा प्रसार झाला, आणि पुष्कळ चकमकी बंदुकांची रंजकदाणी काढून तेथें टोपीची बोंडी बसविली गेली. अलीकडे कांहीं व्यापारी अशा बंदुकांस पुनः दगडी चाप लावून त्या अस्सल म्हणून विकतात. पाटीखालचीं बुजविलेलीं भोंकें हा त्याचा साक्षीदार. दुसरें, नळीवरील अक्षरें व वजनाचे आंकडे वाचण्यापूर्वीं तिला घांसूं नये. शिकलगाराची एक चकाकी कारागिराचें नांव कायमचें पुसून टाकते. तिसरें, नळी, चाप आणि कुंदा हीं एकाच वेळचीं आहेत काय हें पृथक् लिहावें; कारण तीन मोडक्या बंदुकांची एक सुंदर बंदूक करण्याची कला बाजारास चांगली अवगत आहे. चवथें, १९५९ चा शस्त्र-कायदा आणि १९७२ चा पुराणवस्तु-कायदा यांचें भान ठेवावें. कोणत्याही दुरुस्तीनें डागतां न येणाऱ्या जुन्या शस्त्रास पहिल्या कायद्यांत सवलत आहे, सर्वच जुन्या बंदुकांस नाहीं. आणि शंभर वर्षांवरील वस्तु खाजगी रीतीनें परदेशीं पाठविण्यास दुसऱ्यानें मनाई आहे.

शेवटीं एक सूचना करून लेख पुरा करतों. आपल्या संग्रहांतील प्रत्येक बंदुकीची नोंद पुढील रकान्यांत व्हावी : नळीची लांबी व वजन, भोंक सपाट कीं पेंचदार, चापाचा प्रकार व त्यांतील फेरफार, कुंद्याचें लांकूड, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, शोभेचें काम व तें समकालीन आहे काय, आणि कागदांत किंमत मिळाल्यास ती पडत कीं विक्री, कोणत्या नाण्यांत, कोणत्या सालीं. अशा शंभर नोंदी एकत्र आल्या, तर आग्र्याचे दहा रुपये एकाकी राहणार नाहींत. शेजारीं दुसरे आंकडे उभे राहतील, आणि कारखान्याचा माल व एकट्या लोहाराचा माल यांतील अंतर मोजतां येईल. बंदूक ज्यानें वापरली त्याचें नांव बखरींत येतें. ज्यानें ती घडविली त्याचें नांव आलेंच तर नळीवर येतें, आणि त्याच्या श्रमाची दुसरी खूण म्हणजे यादींतील तो किंमतीचा आंकडा. तेवढा तरी आपण नीट वाचावा.